होडीला वाटा नाही: खासगी शिडाच्या नौकेवर सोबत जाताना खर्चाचं गणित

परवा एका रविवारी माझी भाची नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी आली ती फोन पुढे धरूनच. "मामा, हे वाच आणि एवढंच सांग. हे भाडं आहे की वर्गणी?"

निरोप एका परदेशी गृहस्थांचा होता. त्यांची स्वतःची बारा मीटर लांबीची शिडाची नौका आहे. नोव्हेंबरअखेरीस कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघून अटलांटिक ओलांडायचा आणि कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला पोहोचायचं, असा बेत. सोबत तीन माणसं हवीत, अनुभव थोडा असला तरी चालेल. शेवटी एक ओळ: माणशी रोजचे २५ युरो, त्यात जेवण, डिझेल आणि नौकेची देखभाल आली.

भाची अंबडच्या एका कारखान्यात काम करते. दोन वर्षं ती महिन्यातून दोनदा मुंबईला जाऊन शीड चालवायला शिकली आहे. नाशिकच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय, असं तिला बऱ्याच जणांनी ऐकवलं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हं मारत होता आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या चमूत होता. ज्या भागात टँकरची वाट बघतात तिथला हा मुलगा. त्यामुळे नाशिक आणि पाणी हा वाद माझ्या लेखी संपलेला आहे.

तिचा प्रश्न मात्र अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. कोकण किनाऱ्यावर दुसऱ्यांच्या नौकांवर सोबती म्हणून मी काही वेळा गेलो आहे. त्या अनुभवातून आणि वाचनातून जे समजलं ते तिला सांगितलं, तेच इथे लिहितो.

नौकेवर माणूस तीन नात्यांनी चढतो. एक, पगारी खलाशी. मालक त्याला पैसे देतो, तो काम करतो. दुसरा प्रवासी. तो पैसे देतो आणि बसतो. गंगापूर धरणावरच्या बोट क्लबात तिकीट काढून आपण फेरी मारतो तेव्हा आपल्याला कुणी सुकाणू धरायला सांगत नाही. लाइफ जॅकेट देणं, बोट सुस्थितीत ठेवणं, सुखरूप परत आणणं ही सगळी जबाबदारी तिकीट फाडणाऱ्याची. तिसरं नातं सोबत्याचं, ज्याला नौकेवर क्रू म्हणतात. तो कामही करतो आणि स्वतःच्या वाट्याचा खर्चही देतो. पगार घेत नाही, भाडं देत नाही. सगळा गोंधळ या तिसऱ्या नात्यात होतो, कारण पैसे हातातून जाताना दिसतात आणि पैसे दिले की आपण गिऱ्हाईक झालो असं वाटायला लागतं. समोर मालकालाही वाटायला लागतं की गिऱ्हाईक मिळालं.

मालकाला सोबती कशाला हवे असतात? पैशासाठी, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण झोप आहे.

लास पाल्मास ते सेंट लुसिया हे अंतर साधारण २,७०० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अशी नौका सरासरी ५ नॉटने, म्हणजे तासाला ५ सागरी मैल चालली, तर दिवसभरात १२० मैल होतात. किलोमीटरमध्ये सांगायचं तर सव्वादोनशेच्या आत. नाशिकहून पुण्याला जाण्याइतकं अंतर, पण चोवीस तास न थांबता. या हिशेबाने बावीस-तेवीस दिवस लागतात. मध्ये नांगर टाकायला जागा नाही, पाणी हजारो मीटर खोल. नौका रात्रंदिवस चालत राहते आणि कुणीतरी सतत जागं असावं लागतं.

या जागण्याला पहारा म्हणतात, इंग्रजीतून आलेला वॉच हा शब्दही चालतो. दोघंच असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाचे बारा तास येतात. तिघं असतील तर तीन तास पहारा आणि सहा तास सुट्टी. चौघं असतील तर तीन तास पहारा आणि नऊ तास सुट्टी. तिघांवरून चौघांवर आलं की सहाचे नऊ तास होतात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. दहाव्या रात्री तोच फरक शहाण्या आणि चिडक्या माणसातला फरक असतो.

पहाऱ्यावरच्या माणसाने करायचं काय? मध्यरात्रीनंतर दोन वाजता तुम्ही एकटे मागच्या भागात बसलेले असता, अंगातला पट्टा नौकेला अडकवलेला. दर दहा-बारा मिनिटांनी उठून चारी दिशांचं क्षितिज बघायचं. मालवाहू जहाज २० नॉटने समोरून येत असेल तर त्याचा दिवा पहिल्यांदा दिसल्यापासून ते अंगावर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यातली पाच ओळखण्यात जातात, पाच विचारात. शिवाय वारा फिरला का, शीड फडफडतंय का, दोर कुठे घासतोय का, होकायंत्राचा आकडा तोच आहे का, हे बघत राहायचं. खाली तीन माणसं तुमच्या भरवशावर झोपलेली असतात.

एकट्याने हे करणारी माणसं आपल्याकडे झाली आहेत. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, वाटेत चार मुक्काम घेऊन. त्याच नौकेवरून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फिरून आले. ही 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली, ही गोष्ट मला सांगताना दर वेळी आनंद होतो. पुढे २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींसह सहा महिला अधिकारी 'तारिणी'वरून जग फिरल्या, आणि २०२४-२५ मध्ये त्याच 'तारिणी'वरून दोघींनीच, दिलना आणि रूपा यांनी, ती फेरी पूर्ण केली. एकटा, सहा, दोन. या नौदलाच्या मोहिमा, तिथे खर्चाच्या वाटणीचा प्रश्नच नाही. पण माणसं कमी झाली की झोपेचे तुकडे कसे होतात हे समजायला याहून चांगली उदाहरणं नाहीत. एकटा दर्यावर्दी गजर लावून वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेतो. साध्या हौशी मालकाला ते झेपत नाही, आणि झेपू नयेच.

तर मालकाला तुमचे डोळे आणि हात हवे असतात. ते तुम्ही देता. मग वर पैसे कशाचे?

इथे कोकणातली जुनी पद्धत मदतीला येते. मासेमारीच्या होडीवर नाखवा म्हणजे मालक, तांडेल म्हणजे होडी चालवणारा, आणि खलाशी यांच्यात वाट्याची रीत असते. मासळी विकून आलेल्या पैशांतून आधी डिझेल, बर्फ आणि रेशनचा खर्च वजा होतो. उरलेल्याचे वाटे पडतात. तांडेलाचा वाटा मोठा, खलाशांचे ठरलेले, आणि होडीला आणि जाळ्यालाही वाटा असतो. होडी झिजते, जाळं फाटतं, म्हणून त्यांचा हक्क वेगळा काढतात. तो अर्थात मालकाकडे जातो.

हौशी शिडाच्या नौकेवर मासळी नाही आणि विक्री नाही. वाटायची ती फक्त वजाबाकीची बाजू, म्हणजे डिझेल आणि रेशन. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे होडीला वाटा नाही. नौका मालकाची, हौस मालकाची, झीजही मालकाची. तुम्ही गेलात काय, न गेलात काय, तिच्या तळाला रंग द्यावाच लागणार होता.

म्हणून खर्चाच्या दोन राशी करायच्या. पहिली रास प्रवासाची: या फेरीसाठी, या दिवसांत जे खर्च झालं ते. रेशन, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाचा गॅस, डिझेल, वाटेतल्या बंदरांचं शुल्क. ही रास सगळ्यांत समान वाटायची आणि त्या सगळ्यांत मालकही एक. दुसरी रास नौकेची: विमा, वर्षभराच्या जागेचं भाडं, तळाचा रंग, शिडांची दुरुस्ती, डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा, ज्या साधारण दहा वर्षांनी बदलाव्या लागतात, इंजिनचं काम. या राशीला सोबत्यांनी हात लावायचा नाही.

आकड्यांनी दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत. समजा मुंबईहून गोव्याला चौघं निघाले, सुमारे सव्वादोनशे मैल, वाटेत जयगडला मुक्काम, एकूण चार दिवस. रेशन ६,००० रुपये, पाणी ६००, डिझेल ४० लिटरचे ३,६००, गॅस १,०००, धक्क्याचं आणि नांगराचं शुल्क २,०००. बेरीज १३,२००. भागिले चार, माणशी ३,३००. आता मालक म्हणाला, "नौका माझी, म्हणून मी वाट्यात नाही, तुम्ही तिघं भागवा", तर तेच ४,४०० होतात. बरेच सोबती हे आनंदाने मान्य करतात, आणि प्रेमाने केलं तर वाईट काही नाही. पण त्या क्षणी मालकाची फेरी फुकट झाली, हे दोघांनीही ओळखून असावं. त्याच्या पुढची पायरी नफ्याची असते.

हिशेबाची रीत साधी ठेवावी. आमच्या एका फेरीत स्टीलचा झाकणाचा डबा होता. प्रत्येकाने निघताना सारखे पैसे त्यात टाकले आणि डब्यावर रबर लावून एक छोटी वही बांधली. ज्याने खर्च केला त्याने तारीख, वस्तू, रक्कम लिहायची. वहीची पानं मिठाच्या हवेने फुगली होती, पेन उठत नव्हतं, म्हणून सगळं पेन्सिलीने लिहिलं होतं. डबा रिकामा झाला की पुन्हा सारखे टाकायचे, शेवटी उरले तर सारखे परत. टीटीएमएम म्हणून प्रत्येकाने आपापलं आणायचं ठरवलं की एकाच्या बिस्किटांना दुसऱ्याने हात लावावा का, इथपर्यंत गोष्टी जातात आणि बारा मीटरच्या जागेत त्या टोचतात. मधेच कुणी उतरलं तर रेशन दिवसांवर मोजावं आणि डिझेल व बंदराचा खर्च टप्प्यावर. दारू डब्यातून घेऊ नये, ज्याची त्याने बघावी, आणि समुद्रात असताना तर नकोच.

मोडतोडीचं आधी बोलून ठेवावं. हे मी अनुभवाने सांगतो. त्याच फेरीत रत्नागिरीच्या अलीकडे शिडाचा दोर ताणताना माझ्या हातून विंचचं, म्हणजे दोर ओढायच्या चक्रीचं, हँडल निसटलं. कठड्यावर एकदा आपटलं, डुबुक असा आवाज झाला आणि पाण्यात क्षणभर चकाकून गेलं. ती वस्तू काही हजारांची असते. मी लगेच पैसे देतो म्हणालो. मालक काही बोलले नाहीत. ते रागावले आहेत असं मला वाटलं, आणि मी पैशाची भाषा केली म्हणून त्यांना वाईट वाटलं, असं नंतर कळलं. मधल्या दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी फक्त वाऱ्याबद्दल बोललो. आधी एक वाक्य ठरलेलं असतं तर ते दोन दिवस वाचले असते. माझं मत असं की वापरात हरवलं, तुटलं ते नौकेच्या राशीत. जाणूनबुजून नियम मोडून नुकसान केलं तर ते ज्याचं त्याचं. पण तुमचं मत वेगळं असलं तरी चालेल, ते दोर सोडण्यापूर्वी बोललेलं असावं.

आता कायद्याकडे. भाचीला हे समजावताना मी तिला खाली उभी असलेली माझी गाडी दाखवली. पांढरी पाटी, काळी अक्षरं. या गाडीतून चार मित्र मुंबईला गेलो, पेट्रोल आणि टोल वाटून घेतला, तर कुणाची हरकत नाही. पण नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहून मी "मुंबई, मुंबई, माणशी इतके" अशी हाक मारली, तर मी पिवळ्या पाटीचं काम पांढऱ्या पाटीवर करतोय. परवाना नाही, आणि कसाऱ्यात अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. नौकेचंही असंच आहे. हौशी नौका पांढऱ्या पाटीची.

ब्रिटनच्या नियमांत ही रेघ अगदी स्पष्ट आहे. हौशी नौकेच्या मालकाने माणसं नेण्याबद्दल पैसे घ्यायचे नाहीत. अपवाद एकच, त्या प्रवासात नौका चालवण्यासाठी झालेल्या प्रत्यक्ष खर्चाला हातभार. 'प्रत्यक्ष' आणि 'त्या प्रवासात' या दोन शब्दांतच आपली पहिली रास बसते आणि दुसरी बाहेर राहते. अमेरिकेचा कायदा थोड्या वेगळ्या बाजूने बघतो. तिथे प्रश्न असा की पैसे ही नौकेवर चढण्याची अट होती का. स्वखुशीने प्रत्यक्ष खर्चात वाटा उचलला, किंवा डिझेल, खाणंपिणं आणून दिलं, तर ते भाडं धरत नाहीत. "इतके दिलेस तरच चढ" असं म्हटलं की तो माणूस भाड्याचा प्रवासी होऊ शकतो, आणि भाड्याचा एक जरी प्रवासी असला तरी नौका चालवणाऱ्याकडे तटरक्षक दलाचा परवाना लागतो. एकच रक्कम, एकच नौका, पण मागण्याच्या पद्धतीने नातं बदलतं.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या नौकांची नोंदणी आणि तपासणी हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड बघतं. देशांतर्गत जलमार्गांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. सोबती म्हणून जाणाऱ्याने मालकाकडे तीन गोष्टी बघायला मागाव्यात: नोंदणी खासगी वापराची आहे की प्रवासी वाहतुकीची, किती माणसांची आणि कुठल्या पाण्याची परवानगी आहे, आणि विम्याची मुदत. विचारायला संकोच वाटतो हे खरं. पण ज्याची कागदपत्रं नीट असतात तो मालक उलट खूश होतो, हे मी पाहिलं आहे.

आता भाचीच्या २५ युरोंकडे येऊ. रक्कम जास्त की कमी, हा पहिला प्रश्नच नव्हता. निरोपातला 'देखभाल' हा शब्द मला खटकला. तीन सोबती, रोजचे ७५ युरो, बावीस दिवसांचे १,६५० युरो. अटलांटिकमध्ये व्यापारी वारे पाठीमागून वाहतात, बहुतेक वेळ शिडावरच जायचं असतं. इंजिन लागतं ते मुख्यतः बॅटऱ्या भरायला आणि वारा पडला तर. मग चौघांचं रेशन, थोडं डिझेल आणि बंदराचं शुल्क धरून किती होतं, आणि मालकाचा स्वतःचा वाटा त्यात कुठे आहे? हे त्याने मांडून दाखवायला हवं. ठरावीक दैनिक दर आणि मागून हिशेब नाही, अशी पद्धत असेल तर गोळा झालेले पैसे खर्चाहून जास्त आहेत का हे कधीच कळत नाही. जास्त असतील तर तो होडीचा वाटा झाला. मी अजून एक गोष्ट विचारतो: सोबती मिळाले नसते तर ही नौका निघणार होती का? मालकाला स्वतःला जायचंच आहे आणि तुम्ही सामील होताय, तर ती सोबत. तुमच्यासाठी नौका निघत असेल तर ती सहल, आणि सहलीला सहलीचे नियम.

पैशाचं वळण नीट लागलं की विमा सोपा होतो, नाहीतर तो सगळ्यात मोठा खड्डा. मालकाचा विमा बहुधा खासगी हौशी वापराचा असतो. नफ्यासाठी माणसं नेली हे सिद्ध झालं तर तो कोलमडू शकतो, आणि तो कोलमडला तर सोबत्यालाही काही मिळत नाही. शिवाय मालकाच्या विम्यात तुमचा दवाखाना धरलेला असेलच असं नाही. स्वतःचा प्रवास विमा काढताना 'किनाऱ्यापासून इतक्या मैलांपर्यंत' किंवा 'खोल समुद्रातला शिडाचा प्रवास वगळून' अशी अट बारीक अक्षरात आहे का ते बघावं. युरोपसाठी काढलेला साधा प्रवास विमा अटलांटिकच्या मध्यावर लागू असेल असं गृहीत धरू नये.

भारतीय पासपोर्टवाल्याने एक विषय जास्त जपावा. नौका परक्या देशात पोहोचते तेव्हा कप्तान आपल्या सोबत्यांची यादी अधिकाऱ्यांना देतो, आणि त्या यादीतली माणसं देशाबाहेर जाईपर्यंत बऱ्याच ठिकाणी त्याच्या अंगावर असतात. तुम्ही उतरून निघून गेलात आणि यादीतून नाव कमी केलं नाही, तर त्याची नौका अडकू शकते. म्हणून कप्तान परतीच्या विमानाचं तिकीट मागतो, किंवा तेवढी रक्कम ठेव म्हणून घेतो. ही मागणी ऐकून दुखावून जाऊ नये, ती रास्त आहे. फक्त ठेव वेगळी लिहून घ्यावी, डब्यात मिसळू देऊ नये आणि ती केव्हा परत मिळणार ते ठरवावं. विमानाने गेल्यावर मिळणारी व्हिसाची सवलत समुद्रमार्गे मिळेलच असं नाही, त्या त्या बंदराचे नियम आधी विचारावे लागतात. कॅनरी बेटं स्पेनची, म्हणजे शेंगेन व्हिसा लागतो, आणि नौकेवरून निघतानाही बाहेर पडल्याची अधिकृत नोंद व्हायला हवी. ती राहिली तर पुढच्या वेळी १८० दिवसांतल्या ९० दिवसांचा हिशेब चुकलेला दिसतो.

माणूस कसा पारखायचा, हे भाचीच्या आईने विचारलं, आणि तो प्रश्न पैशाहून मोठा होता. मुलगी एकटी, नौका लहान, तीन आठवडे उतरायला जमीन नाही. मी ताईला म्हणालो, निघण्याआधी जितकं विचारता येतं तितकं विचारू दे, कारण दोर सुटल्यावर कप्तानाचा शब्द शेवटचा असतो. तसा तो असायलाच हवा. मालकाशी समोरासमोर व्हिडिओवर बोलावं. आधी त्याच्याबरोबर गेलेल्या दोघा-तिघांशी, त्यातही एखाद्या बाईशी, परस्पर बोलावं. झोपायची स्वतंत्र जागा कुठली ते बघावं. नौकेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तिचा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओवरची तिची ओळख, घरी लिहून ठेवावा. आठवडाभर आधी पोहोचून एक-दोन दिवसांची छोटी फेरी मारावी. परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःच्या खात्यात असावेत, म्हणजे धक्क्यावर मन साशंक झालं तर बॅग उचलून निघता येतं. वाईट वाटेल म्हणून जाणं, हे कारण कधीही पुरेसं नाही.

सुरक्षेचं एकच तपासलं तरी खूप कळतं: जीवनतराफा. तो किती माणसांचा आहे आणि शेवटची तपासणी कधी झाली याची तारीख त्यावर असते. चौघांचा तराफा आणि नौकेवर पाच माणसं असतील तर वर्गणी माफ असली तरी चढू नये. ४०६ मेगाहर्ट्झवर संकटाचा संदेश देणारं ईपर्ब हे यंत्र नौकेच्या नावावर नोंदलेलं आहे का, तेही विचारावं. ही दोन उत्तरं जो चटकन देतो त्याच्याकडे बाकीचंही बहुधा जागेवर असतं.

सोबत्याच्या बाजूने काय द्यायचं, तेही थोडं. समुद्र लागतो, पहिले दोन-तीन दिवस बऱ्याच जणांना. गोळी आधी घ्यायची असते, पोट ढवळायला लागल्यावर ती राहत नाही. मी आलेपाक खिशात ठेवतो. आणि स्वयंपाक येत असेल तर तुम्ही लाखमोलाचे. कुकर गॅस वाचवतो, मेतकूट-भात हलत्या नौकेवरही होतो, भाजके पोहे आणि शेंगदाण्याची चटणी आठवडे टिकते. पण खरी आपली वस्तू कांदा. पालेभाज्या चौथ्या दिवशी मान टाकतात, टोमॅटो दहाव्या. कांदा मात्र वारा लागत राहिला तर शेवटपर्यंत उभा राहतो. लासलगावच्या वाटेवर शेताशेतात दिसणारी कांदाचाळ काय करते? खालून-बाजूंनी हवा खेळवते, एवढंच. नौकेवर हेच काम छताला टांगलेली जाळी करते. प्लास्टिकच्या डब्यात भरलेला कांदा आठवड्यात ओलसर होतो आणि सगळ्या केबिनला वास देतो. मी जाळीत उन्हाळ कांदा भरून नेला होता, नौकेबरोबर ती जाळी झुलत असायची आणि रात्रीच्या पहाऱ्याला जाताना डोक्याला लागायची. गोव्याला उतरलो तेव्हा एकही खराब झाला नव्हता.

भाचीने त्या गृहस्थांना सगळं नम्रपणे लिहून विचारलं. चार दिवस उत्तर आलं नाही, तेव्हा तिने मनातून ते सोडून दिलं होतं. पाचव्या दिवशी लांबलचक उत्तर आलं. रोजचा दर त्यांनी काढून टाकला होता. रेशन, डिझेल, गॅस आणि बंदराचं शुल्क चौघांत समान, चार नावांत पहिलं त्यांचं स्वतःचं. देखभालीबद्दल लिहिलं होतं की मागच्या वर्षी कुणी विचारलं नाही म्हणून तसंच चालू राहिलं, ते चुकलं. सोबत तराफ्यावरच्या तपासणीच्या चिठ्ठीचा फोटो होता आणि मागच्या वर्षी बरोबर आलेल्या एका बाईंचा संपर्क, तिच्याशीच बोल म्हणून.

त्या बाईंशी ती तासभर बोलली. आता व्हिसाच्या कामासाठी पुढच्या आठवड्यात मुंबईला जाते आहे. कांदा तिकडे लास पाल्मासच्या बाजारात घेईल. जाळी मात्र तिच्या मामीने इथेच विणून दिली आहे, चार किलो मावेल एवढी, दोन्ही टोकांना कडी लावून.